डिपस्टिकच्या जागी तापमापक: एका १५० सीसी गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १५० सीसीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना हे लागू पडेल. इंजिनात ऑईल जेमतेम एक लिटर. तेच ऑईल पिस्टनला, तेच गिअरला आणि तेच क्लच प्लेटांना.

मालक औषध कंपनीचा एमआर. घर पुण्यात, पण महाडचा पट्टा त्याच्याकडे. म्हणजे सकाळी भोरमार्गे वरंधा घाट उतरायचा आणि दुपारी किंवा संध्याकाळी तोच घाट चढून परत यायचं. टाकीवर सॅम्पलची बॅग आणि मागे बऱ्याचदा एखादा नवा सहकारी. पुण्यातल्या दिवशी मात्र उलट: घर ते स्टॉकिस्ट, स्टॉकिस्ट ते हॉस्पिटल, दोन-तीन किलोमीटरचे तुकडे आणि मध्ये गाडी तासतासभर उभी.

या प्रकरणात माझा संबंध मोजमापापुरता. भोसरीत उपकरणं तपासून देण्याचं काम मी करतो आणि गॅरेज माझ्या वाटेवर आहे.

अडचण

उन्हाळा लागला की तक्रार सुरू व्हायची. घाट अर्धा चढला की गिअर जड पडायचे, न्यूट्रल सापडायचं नाही आणि इंजिनाचा आवाज कोरडा यायचा. वाघजाईच्या देवळापाशी चहाला थांबून परत निघालं की थोडा वेळ बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

निदानं तीन आली. मेस्त्री म्हणाले, "सर, ऑईल पातळ पडतंय. वीस-पन्नास टाकू, घाटाला बरं." एका मित्राने ऑईल कूलर सुचवला. मालकाला स्वतःला वाटत होतं की इंजिन आतून गेलं आहे आणि आता विकून टाकावी. तिघांच्याही म्हणण्यात 'गरम होतंय' हे गृहीत होतं, पण किती गरम हे कुणालाच माहीत नव्हतं. अशा गाडीला पाणी नसतं, त्यामुळे तापमानाचा दिवाही नसतो. हात लावून चटका बसला की गरम, एवढंच मोजमाप. ६० अंशांच्या धातूला हात टिकत नाही आणि १३०च्या धातूलाही टिकत नाही.

वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू५०, घट्ट ग्रेडचं ऑईल. त्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. कंपनीने १०डब्ल्यू३० सांगितलं होतं. ३० ग्रेडच्या ऑईलची चिकटाई १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. फरक दीडपटीहून जास्त. ऑईल खरोखर १३०-१४०ला जात असेल तर घट्ट ग्रेडचा विचार करता येईल. पण १०० अंशांवरच खेळत असेल, तर घट्ट ऑईलने मायलेज जाईल आणि थंड इंजिनात वरपर्यंत ऑईल पोहोचायला उशीर होईल. म्हणजे आधी आकडा हवा.

पर्याय

सर्वांत स्वस्त म्हणजे इन्फ्रारेड गन. गॅरेजमध्ये होतीच. तिची खोड अशी की चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती बेधडक कमी आकडा दाखवते. इंजिनाच्या कवरावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखली तर आकडा भरवशाचा येतो, पण तो कवराच्या पृष्ठभागाचा. वारा लागत असताना कवर आणि ऑईल यांच्यात किती फरक राहील ते सांगता येत नाही. शिवाय चालत्या गाडीवर गन कोण धरणार?

दुसरा पर्याय इलेक्ट्रिक: ड्रेन बोल्टला (ऑईल काढायच्या तळाच्या बोल्टला) भोक पाडून त्यात सेन्सर, हँडलवर मीटर. जागेच्या दृष्टीने हाच उत्तम, कारण सेन्सर कायम ऑईलमध्ये बुडालेला राहतो. पण इंजिनाच्या तळाला दोन-अडीच सेंटिमीटर लोंबणारी वस्तू घेऊन भोर रस्त्याचे गतिरोधक ओलांडायचे म्हणजे कधीतरी रस्त्यावर ऑईलचा सडा. एका वायरचे सेन्सर अर्थिंग आट्यांमधूनच घेतात. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की मीटर भलतंच दाखवतो, हाही नेहमीचा घोळ.

स्पार्क प्लगच्या वायसरखाली बसणारा सेन्सरही मिळतो. तो सिलिंडरच्या डोक्याचं (हेडचं) तापमान देतो, ऑईलचं नाही, म्हणून लगेच बाद.

राहिला डिपस्टिकचा तापमापक: मूळ डिपस्टिक, म्हणजे ऑईलची लेव्हल बघायची दांडी, काढायची आणि तिच्या जागी, वर छोटी गोल तबकडी असलेली दांडी पिळायची. दांडीच्या खालच्या भागात दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे वाढत नाहीत, म्हणून गुंडाळी पिळते आणि काटा फिरतो. वायर नाही, बॅटरी नाही. उणी बाजू दोन. तबकडी उजव्या गुडघ्याच्या खाली, त्यामुळे चालवताना बघायचीच नाही, सिग्नलला किंवा थांबल्यावर बघायची. दुसरी, कवराच्या बाहेर आलेली वस्तू गाडी उजवीकडे पडली की आधी तीच आपटणार. लेग गार्ड होता म्हणून ही जोखीम घ्यायचं ठरलं. लेग गार्ड नसलेल्या गाडीला मी हा पर्याय सुचवणार नाही.

बसवताना

पहिला तापमापक ऑनलाइन मागवला. '१५० सीसीसाठी' असं लिहिलं होतं, आणि याला काडीचाही अर्थ नसतो. भोकात ठेवून फिरवला तर दीड वेढ्यात घट्ट. मालक म्हणाला, "पाना लावून बघा ना." मेस्त्रींनी हात काढून घेतला. कवर अ‍ॅल्युमिनियमचं, दांडीचा नट पोलादी. जबरदस्ती केली असती तर आटे कवराचे गेले असते. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्ट्या) लावल्यावर कळलं की व्यास दोन्हींचा २० मिमी, पण गाडीच्या आट्यांचं अंतर २.५ मिमी आणि तापमापकाचं १.५. तो परत पाठवला. यात शहाणपण एवढंच: मूळ प्लॅस्टिकची डिपस्टिक हाच आट्यांचा फुकट नमुना, ती दुकानात नेऊन शेजारी धरायची. दुसरा तापमापक तसाच आणला.

आटे जुळले. पण दांडी मूळ डिपस्टिकपेक्षा साधारण ६ मिमी लांब. इथे खरा निर्णय होता. त्या कवराच्या आत क्लचचा डबा फिरत असतो. दांडी त्याला लागली तर आधी खरवडेल, मग तुटेल, आणि तुटलेला तुकडा गिअरमध्ये जाईल. दांडी कापता येत नाही, कारण गुंडाळी त्याच टोकात बंद असते. मालकाचं म्हणणं, सहा मिमीने काय होतंय, बसवून हळूच किक मारून बघू, आवाज आला तर काढू. मेस्त्रींचं म्हणणं, कवर उघडायचं. कवर उघडलं म्हणजे नवं गॅस्केट, ऑईल काढणं आणि अर्धा दिवस. तेही काही शे रुपयांच्या तापमापकासाठी.

कवर उघडलं, आणि ते बरोबर झालं. दांडीच्या टोकाला मुलांची खेळायची क्ले लावली, कवर जुनंच गॅस्केट ठेवून दोन-चार बोल्टवर धरलं, प्लग काढून किक हाताने सावकाश फिरवली आणि कवर पुन्हा काढलं. क्लेच्या एका बाजूला क्लचच्या डब्याची कड स्वच्छ उमटली होती. क्लेचा राहिलेला थर व्हर्नियरने मोजला तर दांडी आणि डबा यांत एक मिलिमीटरही नव्हता. थंड इंजिनात आवाज आलाच नसता. गरम झाल्यावर, बेअरिंगच्या खेळासकट, काय झालं असतं ते सांगायला नको.

मग लेथवाल्याकडून कॉलर करून घेतली: खाली कवराचे आटे, वर तापमापकाचे, मध्ये १० मिमी उंची. लेथवाला पितळेची करतो म्हणत होता, कारण पितळ कापायला गोड. अ‍ॅल्युमिनियमची करून घेतली. कवर आणि कॉलर एकाच धातूची असली की तापल्यावर दोन्ही सारखी फुगतात, आणि कधी कॉलर अडकलीच तर कवराऐवजी कॉलरचे आटे बिघडवून काढता येते. दोन्ही जोडांना व्हिटॉन रबराच्या ओ-रिंग. साध्या नायट्राइलच्या रिंग शंभरच्या पुढे फार काळ टिकत नाहीत, कडक होतात आणि मग पाझर सुरू होतो.

कॉलरने एक प्रश्न सुटला आणि दोन आले. तबकडी आणखी १० मिमी बाहेर आली, म्हणून किकचा दांडा पूर्ण खाली दाबून आणि बुटासकट पाय ब्रेकवर ठेवून बघितलं. किक सुटी राहिली, पण पॅन्टची मोकळी कड तबकडीला घासत होती. दुसरं म्हणजे दांडी तेवढीच वर उचलली गेली, ऑईलमध्ये कमी बुडणार. हे दुसरं नंतर महत्त्वाचं ठरलं.

लेव्हलच्या खुणांचाही विचार करावा लागला, कारण तापमापकाच्या दांडीवर खुणा नसतात. या गाडीत लेव्हल बघताना डिपस्टिक पिळायची नसते, नुसती टेकवायची असते. त्यामुळे खुणा काढताना तीच पद्धत ठेवावी लागते. आधी मूळ डिपस्टिकने ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरलं, गाडी डबल स्टँडवर ठेवली, मग कॉलरसकट तापमापक टेकवून ऑईल जिथे लागलं तिथे कानशीने बारीक खाच पाडली. थोडं ऑईल काढून खालच्या खुणेसाठी तेच पुन्हा केलं.

काट्यावर किती विश्वास

तापमापक बसवण्याआधी मी तो उकळत्या पाण्यात धरला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळतं. दांडी पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरली तर काटा ९२ वर. फक्त टोक दोन सेंटिमीटर बुडवलं तर ८४. पाणी तेच, उकळी तीच. नंतर स्टीलच्या भांड्यात इंजिन ऑईल १२०पर्यंत तापवून थर्मोकपलशी (तारेच्या टोकाने तापमान मोजणाऱ्या सेन्सरशी) ताडलं: दांडी बुडालेली असताना काटा ११३. म्हणजे तापमापकाची स्वतःची चूक सहा-सात अंश कमी दाखवण्याची, आणि दांडी अर्धवट बुडाली तर त्यात आणखी भर.

गाडीत दांडी किती बुडते? उभ्या गाडीत जेमतेम टोक. चालू इंजिनात पंपाने ऑईल वर गेलेलं असतं, लेव्हल आणखी खाली उतरते, आणि दांडीवर क्लचने उडवलेल्या ऑईलचे फवारे बसतात. हे कागदावर मांडण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजलं. घाट चढताना मी मागे बसलो. वाघजाईपाशी इंजिन बंद केल्याबरोबर गाडी डबल स्टँडवर लावली, हातमोजा घालून तापमापक सोडवला आणि त्याच भोकातून थर्मोकपल ऑईलमध्ये सोडलं. काटा ११५ दाखवत होता. ऑईल १२८.

तेरा अंशांचा फरक. साइड स्टँडवर तो आणखी वाढतो, कारण गाडी डावीकडे कलते, ऑईल डावीकडे जातं आणि उजव्या कवरातली दांडी जवळपास कोरडी पडते. मालक पहिल्या आठवड्यात खूश होता की 'थांबलं की किती पटकन थंड होतं'. थंड ऑईल होत नव्हतं, दांडी होत होती. त्याला सांगितलं, आकडा एक तर इंजिन चालू असताना सिग्नलला, नाही तर डबल स्टँडवर. तबकडीच्या काचेवर काट्याच्या १०७ च्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. तो म्हणजे खरे १२०. छापील आकड्यांकडे बघायचं कारण उरलं नाही. पुढचे आकडे ही दुरुस्ती करूनच देतो आहे.

काय दिसलं आणि काय केलं

कात्रजपर्यंतच्या सिग्नलांत, उन्हाळ्यात, १०५च्या आसपास. पुढे महामार्गावर ताशी साठने ९५. घाट चढताना, मागे माणूस, दुपारची वेळ: १२८. एवढ्याने इंजिन मरत नाही, पण रोज तिथे जाऊ नये. आमचा अंदाज असा की १२० पर्यंत निर्धास्त आणि १३० दिसले तर थांबायचं.

पहिला धक्का असा की गिअर कात्रजलाही जड पडत होते, १०५वर. म्हणजे त्याचा संबंध उष्णतेशी थेट नव्हता. मेस्त्रींनी क्लचची केबल सोडवली तर आतल्या तारा सुटत आलेल्या, लिव्हरला खेळ भरपूर. लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता. नवी केबल घातली, खेळ लावला, तक्रार बरीचशी गेली. घाटातच जास्त जाणवायची कारण घाटात गिअर जास्त बदलतात.

उरला घाटातला आकडा. गाडी डबल स्टँडवर असताना मेस्त्री समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सर, हा पडदा कधीचा?" पावसाळ्यात चिखल पायांवर उडू नये म्हणून लेग गार्डला रेक्झिन बांधतात, ते जूनमध्ये बांधलेलं एप्रिलपर्यंत तसंच होतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची हवाच अडवली होती. मागे सिलिंडरच्या पात्यांमध्ये लाल माती वाळून बसलेली. रेक्झिन काढलं, माती बांबूच्या काडीने कोरून काढली. पोलादी स्क्रूड्रायव्हर मेस्त्री लावू देत नाहीत, पाती तुटते. मग तोच घाट, साधारण तेवढंच ऊन, तेवढंच वजन: ११७.

हेअरपिन वळणांवर मालक तिसऱ्यात राहून हाफ क्लचवर गाडी ओढतो, हेही काट्याने पकडलं. वळण संपून थोडा वेळ गेला की काटा दोन-तीन अंश वर जायचा. हा उशीर तापमापकाचा, धातू तापायला वेळ लागतो म्हणून. क्लच ऑईलमध्येच असल्यामुळे घसरणाऱ्या प्लेटांची सगळी उष्णता सरळ ऑईलला मिळते. दुसऱ्यात उतरून क्लच सोडून चढायला सांगितलं. त्याने किती फरक पडला हे वेगळं काढता आलं नाही, कारण त्याची सवय हळूहळूच बदलली.

ऑईल कूलर बाद झाला. त्या इंजिनात त्यासाठी वेगळी वाट नव्हती, कवर कोरावं लागलं असतं. पण मुख्य कारण पावसाळ्यात कळलं. शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या तुकड्यांत काटा कधी ७०च्या वर गेलाच नाही. कॉलर उघडली तर खाली दुधाळ साय. ज्वलनातून आलेलं पाणी ऑईलमध्ये मिसळतं आणि ऑईल तेवढं गरम झालं नाही तर ते उडून जात नाही. गरम होण्याच्या भीतीने जी गाडी माझ्यासमोर आली, तिचं ऑईल वर्षातले कितीतरी महिने थंडच राहत होतं. थर्मोस्टॅट नसलेला कूलर लावला असता तर तीच अडचण वाढली असती.

ऑईल १०डब्ल्यू३०च ठेवलं, ओल्या क्लचसाठीच्या जासो एमए दर्जाचं. पावसाळ्यात बदलायची मुदत अलीकडे आणली, आणि शहरातल्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालवायची, असं ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

रेक्झिन बांधलेलं आहे हे बघायला तापमापक लागत नव्हता. घाटमाथ्यावर गन आणि मास्किंग टेप घेऊन, एकदा पडद्यासकट आणि एकदा पडद्याविना, कवराचं तापमान घेतलं असतं तरी फरक दिसला असता, एका दुपारीत आणि फुकट. मग तापमापक घेतलाच नसता का? बहुधा घेतला असता, पण पावसाळ्यातल्या थंड ऑईलसाठी. ती गोष्ट गनने कधीच लक्षात आली नसती.

कवर फक्त दांडी तपासायला उघडलं हा खर्च टाळता आला असता. क्लचची केबल आधी बघितली असती तर प्लेटाही त्याच वेळी तपासल्या असत्या आणि एका गॅस्केटमध्ये दोन्ही कामं झाली असती. क्लेची चाचणी मात्र कुणी गाळू नये, दांडी मूळ डिपस्टिकपेक्षा एक मिमी लांब असली तरी.

कॉलरबद्दल मेस्त्रींचं आणि माझं अजून जमत नाही. ते म्हणतात, आखूड दांडीचा तापमापक शोधायला हवा होता, तबकडी एवढी बाहेर आली नसती. माझं म्हणणं, दांडी आखूड म्हणजे बुडणार आणखी कमी, मग तो तेराचा फरक वीस होईल. पुढच्या वेळी बहुधा ड्रेन बोल्टच्या बाजूने, खाली न लोंबणारा आडवा सेन्सर बसवता येईल का ते बघू. त्यासाठी कवराऐवजी तळाच्या कास्टिंगला आटे पाडावे लागतील, आणि ते काम परत फिरवता येत नाही. आत्ताचं फिरवता येतं: कॉलर हाताने सोडायची, मूळ डिपस्टिक पिळायची, दोन मिनिटांत गाडी पूर्वीसारखी.

तबकडीच्या काचेआड पावसात वाफ धरते, ती अजून सुटलेली नाही. उन्हात उभी केली की जाते.